एका चेंडूच्या दोघी

शलाका ढोक आणि मृणाल टेंभुर्णे या दोघींना एकाच टीममध्ये आणायची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्या मालकांचे नागपुरात हारतुरे घालून सत्कार झाले. सत्कार करणाऱ्यांपैकी कोणालाही बास्केटबॉल कळत नव्हता. ज्यांना कळत होता, ते घरी कपाळाला हात लावून बसले होते.

कारण अगदी साधं होतं. पाच जणींच्या टीममध्ये दोन गार्ड असतात. चेंडू मागून पुढे आणायचा, तो कोणाला द्यायचा ते ठरवायचं आणि वाट दिसली की स्वतः शॉट मारायचा, हे त्यांचं काम. शहाण्या टीममध्ये एक गार्ड गुण करते आणि दुसरी तिला ते करू देते. इथे दोघीही करणाऱ्या होत्या. महिलांची लीग सुरू होऊन सहा वर्षं झाली होती, हॉल भरायला लागले होते, आणि त्या सहा वर्षांत सगळ्यात जास्त गुण करणाऱ्या दोघी म्हणजे याच. चेंडू मात्र लीगच्या नियमाप्रमाणे एकच होता.

सीझनचे पहिले पाच सामने बाहेरगावी झाले आणि टीम पाचही हरली. पाचव्या सामन्यात तर दोघी एकाच चेंडूवर झेपावल्या, एकमेकींवर आपटल्या आणि चेंडू बिचारा आपला आपण मैदानाबाहेर गेला.

"मला पास काऊन नाही दिला बे?" ड्रेसिंग रूममध्ये शलाकानं गुडघ्यावर बर्फ धरत विचारलं.

"मी मोकळी होते ना ताई."

"मग मी काय बांधून ठेवलेली होते? मी पण मोकळीच होते."

"दोघी मोकळ्या होतो मग," मृणाल म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं. तोवर त्यांच्यात तसं होतं. शलाका एकतीस वर्षांची, लग्न झालेली, एका मुलीची आई. मृणाल तिच्याहून सहा वर्षांनी लहान. दोघी नागपुरातल्या एकाच धुळीच्या मैदानावर वाढल्या होत्या. मृणालला डाव्या हातानं ड्रिबल करायला शलाकानंच शिकवलं होतं, उजवा हात ओढणीनं कमरेला बांधून. पुढे मृणाल तीन वर्षं चेन्नईकडून खेळली आणि आता मालकांनी तिला परत आणलं होतं.

कोच कडू सर मात्र हसले नाहीत. त्यांनी पुण्याच्या डॉक्टर केतकी पराडकरांना फोन लावला.

डॉक्टर पराडकर आल्या त्या एका छोट्या डबीत दोन पातळ पट्ट्या घेऊन. कानामागे चिकटवायच्या, बोटाएवढ्या. त्यांनी दोघींना समोर बसवलं आणि शाळेत शिकवावं तसं नीट समजावून सांगितलं.

"हात हलण्याआधी मेंदू हलतो. शॉट मारायचं आपण आत्ता ठरवलं असं तुम्हाला वाटतं, पण त्याच्या क्षणभर आधीच मेंदूत त्याची तयारी सुरू झालेली असते. ती विजेची बारीक लहर कातडीवरून मोजता येते. ही पट्टी तुमची लहर वाचते आणि दुसरीच्या पट्टीला कळवते. दुसरीची पट्टी तिच्या मेंदूला हलकासा झटका देते. एकमेकींचे विचार कळणार नाहीत. कल कळेल. ही आता डावीकडे जाणार, एवढंच, पण ती निघायच्या आधी."

"आणि दोघींना एकाच वेळी शॉट मारावासा वाटला तर?" मृणालनं विचारलं.

"तीच तर अडचण आहे. दोन लहरी एकदम आल्या की दोघी अडखळतात. म्हणून पट्टी एकीची ओढ त्या क्षणापुरती मंद करते. जिची ओढ मुळात कमी असेल, तिची."

"कोणाची कमी आहे ते कसं कळणार?"

"आज कळेल. माणसामाणसाचा मेंदू वेगळा, त्यामुळे तुमचे तराजू आधी एकमेकींशी जुळवावे लागतात. तुम्ही दोघी एकमेकींविरुद्ध खेळा, अगदी पूर्ण ताकदीनं. त्या खेळावरून पट्टी दोघींची ओढ ठरवेल. पुढचं सगळं त्या पायावर."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी पुण्याच्या डॉक्टरांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. त्या धुळीच्या मैदानावरच्या पोरींची एक रीत होती. बाहेरगावी खेळायला गेलेली पोरगी परत आली, की नागपुरातल्या तिच्या पहिल्या खेळात थोरल्या पोरी तिचं माहेरपण करायच्या. तिच्याविरुद्ध धावायचं, हात वर करायचे, ओरडायचं, पण तिच्या हातातला चेंडू काढायचा नाही आणि आपण शॉटसाठी मन करायचं नाही. परत आलेलीला पोटभर बास्केट करू द्यायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून तर्री-पोहे हाणायचे. शलाका स्वतः एकदा केरळातून परतली होती तेव्हा तिचंही झालं होतं.

सीझन बाहेरगावी सुरू झाला होता. त्यामुळे मृणालचा नागपुरातला पहिला खेळ म्हणजे ही जुळवणीच.

शलाका घाम निथळेपर्यंत धावली. पूर्ण ताकदीनं खेळा म्हटलं होतं, ती पायांनी खेळली. पण रिंग समोर दिसली की आतून हात आखडता घेत होती, आणि मृणालनं बास्केट केली की तिच्याच पाठीवर थाप मारत होती. कडू सर त्याच मैदानावरचे. ते बाजूला उभं राहून गालात हसत होते. माहेरपण चाललंय हे त्यांना दिसत होतं आणि दिसणारी गोष्ट कोणाला सांगावी लागते असं त्यांना वाटलं नाही. डॉक्टरांच्या पडद्यावर मात्र एवढंच उमटलं, की या दोघींतली थोरली दमदार आहे आणि तिला शॉट मारायची फारशी ओढ नाही.

संध्याकाळी सगळ्यांनी तर्री-पोहे खाल्ले. डॉक्टरांना तिखट लागलं.

त्यानंतर टीम हरायची थांबली.

ते पाहायला लोक कामं टाकून यायचे. शलाकाच्या हातून चेंडू सुटायचा तेव्हा मृणाल तिथे नसायची, आणि चेंडू पोहोचायचा तेव्हा असायची. समोरच्या टीमला वाटायचं, या दोघींनी सगळं आधी पाठ करून ठेवलंय. मालक मुलाखती देऊ लागले. मृणालचे गुण सामन्यागणिक चढत गेले. शलाकाचे उतरत गेले, पण टीम जिंकत असताना हे बोलून दाखवणारा माणूस घरभेदी ठरतो, म्हणून कोणी बोललं नाही. शलाकाही बोलली नाही. टीव्हीवाल्या पोरीनं तिला विचारलं की तुम्ही इतका त्याग कसा करता, तेव्हा ती जरा गोंधळून म्हणाली, "त्याग नाही, मला वाटतच नाही." त्या चॅनेलनं याला थोर मनाचं लक्षण म्हटलं. वाक्य जसं होतं तसं ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

मृणालनं ते ऐकलं, पण तिलाही वेळ नव्हता. तिला त्या दिवसांत भूकच भूक होती. सामना संपला तरी पाय थांबत नसत. दुकानात गेली तर नको असलेल्या वस्तू घ्याव्याशा वाटत, भांडण दिसलं तर त्यात पडावंसं वाटत असे. तिला हे आवडत होतं, हे सरळच सांगून टाकावं.

एका रविवारी ती शलाकाकडे जेवायला गेली. शलाकाचा नवरा पराग शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी पाटोडीचा रस्सा करायचा. पूर्वी त्या घरात शेवटच्या पाटोडीवरून नवरा-बायकोची अशी जुंपायची की शेजारी दार लावून घ्यायचे. त्या दिवशी शलाका ताटासमोर शांत बसली होती.

"आणखी वाढू?" परागनं विचारलं.

"वाढ."

"की नको?"

"बरं, नको."

पराग डाव हातात धरून तसाच उभा राहिला. मृणालनं तोवर भांडं आपल्याकडे ओढलं होतं आणि उरलेल्या सगळ्या पाटोड्या घेतल्या होत्या. ते तिच्या लक्षात आलं ते भांडं रिकामं झाल्यावर.

तेवढ्यात चार वर्षांची ओवी आतून आली. तिच्या केसांचा एका बाजूनं पार खराटा झाला होता.

"हे काय गं, कोणी कापले?" मृणालनं विचारलं.

"मीच. आईला विचारलं कापू का, आई म्हणाली काप." ओवीच्या आवाजात थोडी भीती होती. रागवावं म्हणून केलेल्या गोष्टीवर कोणी रागवलं नाही, की मुलं अशी घाबरतात. ती आईच्या मांडीशी जाऊन उभी राहिली. शलाकानं तिच्याकडे पाहून हसून दाखवलं. हात मात्र उचलला नाही. मग ओवी वळली आणि मृणालच्या मांडीवर चढली, आणि मृणालनं तिला इतकं घट्ट धरलं की पोर कळवळली.

परागनं मृणालला स्वयंपाकघरात बोलावलं.

"काय करून राहिले तुम्ही लोक तिचं?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "वर्ध्याला तिच्या आईला दवाखान्यात ठेवलंय. मी म्हटलं, जायचंय का? तर म्हणते, तू म्हणशील तसं. मी मुद्दाम म्हटलं, नाही जायचं. भांडेल, माझ्या अंगावर ताट फेकेल, म्हणून म्हटलं. तर तिनं पायातली चप्पल काढली आणि जागेवर ठेवून दिली. मृणाल, सख्खी आई आहे तिची!"

मृणालनं झालेले सामने मनात उलगडून पाहिले. खेळताना शलाकाच्या बाजूनं जो हलका कल तिला जाणवायचा, तो कित्येक सामन्यांत जाणवला नव्हता. ती त्याला छान जुळणं समजत होती.

दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टर पराडकरांसमोर जाऊन बसली. डॉक्टरांनी जुळवणीच्या दिवसाचा आलेख काढून दाखवला.

"हे बघा, शलाकांची ओढ पहिल्यापासूनच तुमच्या निम्मी आहे. त्यात आमची काही चूक नाही."

"निम्मी?" मृणाल हसली, पण ते हसू मध्येच गेलं. "मॅडम, ते माहेरपण होतं."

"काय होतं?"

मृणालनं सांगितलं. डॉक्टर हुशार बाई होत्या. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. त्यांनी आलेखावरच्या शलाकाच्या रेघेवर बोट ठेवलं.

"मग त्या दिवशी मायेनं आवरलेली ओढच पट्टीनं तिची खरी ओढ समजून मोजली," त्या म्हणाल्या. "आणि मग उतार लागला. प्रत्येक वेळी तिचीच ओढ मंद झाली. मेंदू काटकसरी असतो, मृणाल. जी इच्छा करून काही हाती लागत नाही, ती करणं तो हळूहळू सोडून देतो. ओढ कमी झाली म्हणून पट्टीनं तिला आणखी दाबलं, दाबलं म्हणून आणखी कमी झाली. आणि शॉट मारायची इच्छा वेगळी, आईला भेटायची वेगळी, असे मेंदूत वेगवेगळे कप्पे नसतात. हवंसं वाटणं हे एकच यंत्र आहे, सगळ्यासाठी. तुमचं उलट झालंय. प्रत्येक वेळी तुमच्या इच्छेला वाट मोकळी मिळाली."

"पट्टी काढून टाका मग."

"पट्टी काढली की जोडी तुटेल. मेंदू जे शिकला ते विसरणार नाही. उपाय एकच, उलटी जुळवणी. पुढचा सीझनभर कल तिच्याकडे ठेवायचा आणि तुमची ओढ दाबायची. तिची वर येईल."

"माझी?"

"खाली जाईल. कुठे थांबेल ते मला सांगता येणार नाही. मात्र हा सीझन संपल्याबरोबर करायला हवं. आणखी एक सीझन असा गेला, तर शलाकांची वाट परत उघडणार नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि जी खाली जाणार, तिनं ते स्वतःच्या तोंडानं मागायला हवं. वर येणारीनं हरकत घेतली नाही, एवढं पुरे. टीमनं कोणा खेळाडूवर जबरदस्ती करू नये म्हणून हा नियम मीच केलाय."

"मागते ना मी," मृणाल लगेच म्हणाली. "ताईसाठी? कधीही मागते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. पण सीझन संपायला अजून फायनल बाकी होती. मागणं तेव्हाच करायचं होतं, आता नव्हे. वचन द्यायला ही वेळ फार सोयीची असते.

फायनल नागपुरातच झाली. शेवटच्या टाइमआउटला टीम एका गुणानं मागे होती. मृणालनं कोणाला न कळत कानामागची पट्टी उपटली आणि मोज्यात कोंबली. तिच्या मनात एक वेडी आशा होती. इकडून लहर गेली नाही की तिकडे शलाकाला दाबणारं काही नाही. कदाचित एकदा, एकच बास्केट तिला हवीशी वाटेल, आणि मग आपल्याला खाली जायची गरज पडणार नाही, उलट्या जुळवणीचीही नाही.

खेळ सुरू झाला. मृणाल तिघींच्या गराड्यात शिरली आणि सगळ्या तिच्यावर धावून आल्यावर तिनं चेंडू रिंगखाली शलाकाकडे टाकला. शलाकाच्या आसपास कोणी नव्हतं. हात वर करून सोडायचा, बस. मैदानावरची दहा वर्षांची पोरगी डोळे मिटून करेल असा शॉट.

शलाकानं चेंडू छातीशी धरला. रिंगकडे पाहिलं. मग मृणालकडे पाहिलं, काय करू असं विचारल्यासारखं.

"मार, ताई! मार ना!" मृणाल किंचाळली.

प्रेक्षकांच्या गोंगाटात ते पोहोचलं की नाही कोण जाणे. शलाकानं चेंडू परत मृणालकडे फेकला, नेहमीसारखा, नेमका तिच्या हातात. आणि मृणालच्या हातांनी तिला न विचारता तो उचलून मारला. चेंडू जाळीतून खाली पडला तेव्हा भोंगा वाजत होता. मृणालला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. तिला सपाटून भूक लागली होती आणि आणखी एक सामना आत्ताच्या आत्ता हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीमच्या ऑफिसात पाच जण बसले. डॉक्टर, कडू सर, शलाका, पराग आणि मृणाल. परागला बसू दिलं होतं, पण बोलायची मुभा नव्हती. तो सारखा मृणालकडेच पाहत होता. मृणालनं ऐन वेळी शब्द फिरवू नये म्हणून त्यानं ओवीला सकाळी मृणालच्या घरी नेऊन तिच्या कपाळाची पापी घ्यायला लावली होती. तो माणूस हरलेला होता, त्याला काय लाज.

"शलाका," डॉक्टर म्हणाल्या, "उलट्या जुळवणीला तुमची हरकत आहे?"

"नाही."

"तुम्हाला ती हवी आहे का?"

शलाकानं सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. कोणता चेहरा काय सांगतोय ते तिला नीट कळेना. "तुम्ही सगळे म्हणाल तसं," ती म्हणाली.

"चालेल. तुमच्याकडून एवढं पुरे आहे." डॉक्टर मृणालकडे वळल्या. "आता तुम्ही. तुम्हाला हे हवंय?"

मृणालनं घरून वाक्य तयार करून आणलं होतं. मला हवंय, आजपासून. आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि स्वतःच्या आत त्या इच्छेचा शोध घेतला. तिथे पुढचा सीझन होता. कप होता. हॉलभर तिच्या नावाचा गजर होता, दिल्लीच्या टीमविरुद्धचा शॉट होता, चेन्नईला त्यांच्याच घरात हरवणं होतं, रस्सा होता, ओवी होती. ताईही होती, अगदी मागे, हातावर हात ठेवून. जी गोष्ट मागायची, ती तिला नको होती. एवढ्या हव्या असलेल्या गोष्टींत नेमकी तेवढीच नको होती.

"पुढच्या सीझननंतर," ती म्हणाली.

"तोवर उशीर झालेला असेल. मी सांगितलंय तुम्हाला."

"माहीत आहे."

कडू सरांनी मान खाली घातली. त्यांच्या चेहऱ्यावर शरम होती आणि तिच्याखाली सुटका झाल्याचं समाधानही होतं, कारण टीम तशीच राहणार होती. पराग उठला. त्याची खुर्ची मागे पडली. "तुला हात बांधून शिकवलं गं तिनं," एवढंच तो म्हणाला, आणि त्याला बोलायची मुभा नाही हे कोणी त्याला सांगितलं नाही. तो बाहेर निघून गेला.

शलाकानं पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली. मग ती रडायला लागलेल्या मृणालजवळ आली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कोणीतरी रडत असलं की असं करतात, हे तिला आठवत होतं.

"जाऊ दे ना. खेळ तू."

मृणालनं तो हात झटकला. तिला शिव्या हव्या होत्या, मुस्कटात हवी होती. यापुढे रोज आरशात पाहायचं तर निदान तेवढं तरी पदरात पडायला हवं होतं. तिला हे सुद्धा स्वतःसाठीच हवं होतं.

"ताई, माझा राग तरी कर ना," ती ओरडली. "कर ना बे राग! मी तुला संपवलं!"

शलाकानं तिच्याकडे मन लावून पाहिलं. मृणालला काहीतरी हवंय आणि ते आपल्याकडे मागतेय, एवढं तिला कळलं होतं.

"करते ना," ती म्हणाली. "किती करू?"